दोन रेझिस्टरमध्ये बरोबर ६ व्होल्ट येतात, पण बल्ब लावला की शून्य. असं का?

अर्धा_व्होल्ट

१२ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर आहे. मीटरवर १२.०५ दाखवतो. त्यावर ६ व्होल्ट, ३ वॅटचा फिलामेंटवाला बल्ब लावायचा आहे. व्होल्टेज निम्मं करायचं म्हणून १ किलोओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये जोडले. मधल्या जोडापासून मायनसपर्यंत मोजलं तर ६.०२ व्होल्ट. इथपर्यंत पुस्तकाप्रमाणे.

मग खालच्या रेझिस्टरला समांतर बल्ब लावला. पेटला तर नाहीच, पण मीटर ६.०२ वरून थेट ०.०१ वर आला. बल्ब काढला की परत ६.०२. बल्ब चांगला आहे, ६ व्होल्टच्या बॅटरीवर नीट पेटतो.

आणखी तीन गोष्टी जुळत नाहीत:

१. त्याच जागी लाल एलईडी लावला तर झकास पेटतो. मग बल्बशीच काय वैर?

२. हिशोबाने बल्बचा रेझिस्टन्स ६ ÷ ०.५ = १२ ओहम यायला हवा. मीटर १.२ ओहम दाखवतो.

३. करंट किती येतोय ते पाहायला मीटर मिलिअँपिअरवर ठेवून अडॅप्टरच्या दोन टोकांना लावला. क्षणभर आकडा हलला, अडॅप्टरचा हिरवा दिवा मिणमिणला, आणि तेव्हापासून करंटच्या रेंजवर कायम शून्य. व्होल्ट मात्र बरोबर दाखवतो.

वरचा रेझिस्टर करंट आधीच खाऊन टाकतो म्हणून बल्बला काही उरत नाही, असं समजायचं का?

---

तांब्याची_तार

नाही, करंट कोणी खात नाही. त्यावर शेवटी येतो, आधी ते ६.०२ कुठे गेले ते पाहू.

तुम्ही ६ व्होल्ट ‘तयार करून ठेवले’ असं धरून चाललात. तसं काही तिथे साठवलेलं नव्हतं. दोन्ही रेझिस्टरमधून १२ ÷ २००० = ६ मिलिअँपिअर वाहत होते, आणि ते ६ मिलिअँपिअर खालच्या १००० ओहममधून जाताना त्याच्या दोन टोकांत ६ व्होल्टचा फरक पडत होता. बस, तेवढंच. खालची बाजू बदलली की तो फरकही बदलणार.

बल्ब थंड असताना साधारण १ ओहमचा आहे (तुमच्या १.२ मध्ये मीटरच्या दोन वायरींचे ०.२ धरलेले असतात, प्रोब एकमेकांना टेकवून बघा, तेवढे दिसतील, ते वजा करायचे). हा १ ओहम १००० ओहमला समांतर लावलात. समांतर जोडणीत एकूण रोध (रेझिस्टन्स) सगळ्यात लहान रोधापेक्षाही कमी येतो:

१००० × १ ÷ १००१ = ०.९९९ ओहम

म्हणजे खालचा किलोओहम आता असून नसल्यासारखा. सर्किट उरलं ते असं: वर १००० ओहम, खाली १ ओहम. एकूण १००१, करंट १२ मिलिअँपिअर, आणि १ ओहमवर पडणारं व्होल्टेज १२ मिलिव्होल्ट. तुमच्या मीटरच्या २० व्होल्टच्या रेंजला शेवटचा आकडा १० मिलिव्होल्टचा, म्हणून ०.०१. मीटर २०० मिलिव्होल्टवर आणलात तर १२ च्या आसपास दिसेल.

मीटर खोटं बोलत नाहीये. ६.०२ ही खरे आणि ०.०१ ही खरे, कारण ती दोन वेगळी सर्किटं आहेत.

बल्बला मिळाली ती पॉवर: ०.०१२ × ०.०१२ × १ = ०.०००१४४ वॅट. लागतात ३ वॅट. वीस हजारांतला एक हिस्साही पोचला नाही, मग फिलामेंट तापणार कशाने.

हेच दुसऱ्या तऱ्हेने बघायची सवय लावून घ्या, पुढे फार उपयोगी पडते. मधल्या जोडावरून पाहिलं तर ते दोन रेझिस्टर आणि अडॅप्टर मिळून एक घट आहे असं समजा: मोकळा असताना ६ व्होल्ट, आणि पोटात ५०० ओहमचा अंतर्गत रोध (दोन किलोओहम समांतर धरले की ५००). असा घट पूर्ण शॉर्ट केला तरी ६ ÷ ५०० = १२ मिलिअँपिअरच देणार. तुम्हाला हवेत ५०० मिलिअँपिअर. यालाच थेवेनिनची रीत म्हणतात. अडॅप्टर २ अँपिअरचा असला तरी वाटेत ५०० ओहम तुम्हीच बसवलेत.

---

जुगाडू_जोडणी

सोपं आहे की. रेझिस्टर मोठे पडतायत, १० ओहमचे दोन लावा. मध्ये ६ व्होल्टच येतील आणि करंटही भरपूर. काम फत्ते.

---

शंट

@जुगाडू_जोडणी, हे करून बघायच्या आधी वॅटचा हिशोब मांडा. पाव वॅटचे रेझिस्टर घेऊन कोणी हे केलं तर ‘काम फत्ते’ व्हायच्या आत धूर निघेल.

बल्ब नसतानाच १२ ÷ २० = ०.६ अँपिअर फुकट वाहतात. प्रत्येक रेझिस्टरवर ०.६ × ०.६ × १० = ३.६ वॅट. बल्ब लावल्यावरही ६ व्होल्ट मिळत नाहीत: आता अंतर्गत रोध ५ ओहम, त्यामुळे बल्बवर साधारण ४ व्होल्ट पडतील आणि तो पिवळट, मंद पेटेल. वरच्या रेझिस्टरवर उरलेले ८ व्होल्ट, म्हणजे ८ × ८ ÷ १० = ६.४ वॅट. शिवाय अर्धा_व्होल्ट यांनी त्याच जागी एलईडी लावून पाहिला आहे. या १० ओहमच्या जोडीवर तो लावला असता तर (६ − २) ÷ ५ असा ०.८ अँपिअरचा हिशोब येतो. २० मिलिअँपिअरचा एलईडी तिथे टिकण्याचा प्रश्नच नाही.

मग अजून लहान करा म्हणाल. अशा विभाजकाचं (व्होल्टेज डिव्हायडरचं) व्होल्टेज फारसं हलू नये असं वाटत असेल तर खालच्या रेझिस्टरमधून लोडच्या, म्हणजे त्यावर जोडलेल्या वस्तूच्या, दहापट करंट जाऊ द्यावा, असा ढोबळ नियम आहे. बल्बला ०.५ अँपिअर, म्हणून रेझिस्टरमधून ५ अँपिअर. खालचा रेझिस्टर १.२ ओहम आणि ३० वॅट, वरचा सुमारे १.१ ओहम आणि ३३ वॅट. एकूण ५.५ अँपिअर, ६६ वॅट, ३ वॅटचा बल्ब पेटवायला! २ अँपिअरचा अडॅप्टर त्याच्या आधीच हात टेकेल.

व्होल्टेज डिव्हायडर हे पॉवर देण्याचं साधन नाहीच. जिथे करंट जवळजवळ ओढलाच जात नाही तिथे त्याची जागा: ५ व्होल्टचा सिग्नल ३.३ व्होल्टच्या पिनला द्यायचा तर वर १० किलो, खाली २० किलो, बॅटरीचं व्होल्टेज मायक्रोकंट्रोलरने वाचायचं, आवाजाचा पोटेन्शिओमीटर. अशा ठिकाणी तो बिनबोभाट काम करतो.

तुमच्या बल्बसाठी रस्ते असे.

सगळ्यात सोपा: खालचा रेझिस्टर काढूनच टाका. बल्बच्या सिरीजमध्ये एकच १२ ओहमचा लावा. बल्ब पूर्ण पेटल्यावर १२ ओहमचा, रेझिस्टरही १२ ओहमचा, व्होल्टेज निम्मं निम्मं. रेझिस्टरवर ०.५ × ०.५ × १२ = ३ वॅट उष्णता. ५ वॅटचा चालेल, पण १० वॅटचा पांढरा चौकोनी सिमेंटवाला घ्या, कारण रेटिंगच्या जवळ चालवलेला रेझिस्टर हात लावू देत नाही. ब्रेडबोर्डवर टेकवून ठेवू नका, प्लास्टिक वितळेल. पाय लांब ठेवून हवेत राहू द्या. ही जोडणी फक्त याच बल्बसाठी. ६ व्होल्ट १ वॅटचा लावलात तर त्याच्यावर ६ पेक्षा बरंच जास्त व्होल्टेज पडेल आणि तो उडेल.

काही वाया न घालवता करायचं तर तसेच दोन बल्ब सिरीजमध्ये. अट एकच, दोन्ही अगदी सारखे हवेत. ३ वॅटच्या जोडीला १.२ वॅटचा (०.२ अँपिअर) जोडलात तर लहान बल्बचा रोध जास्त, म्हणून त्याच्यावर व्होल्टेजही जास्त पडतं आणि आधी तोच जातो. इथे एक गंमत अडचण होऊन बसते: दोन थंड बल्ब मिळून २ ओहम, म्हणजे सुरुवातीच्या क्षणी हिशोबाने ६ अँपिअर. काही अडॅप्टर याला शॉर्ट समजून बंद होतात, पुन्हा सुरू होतात, पुन्हा बंद. बल्ब नुसते लुकलुकत राहतात. तसं झालं तर ४.७ ओहम, ३ वॅटचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाका. सुरुवातीचा करंट १.८ अँपिअरवर येतो. बल्ब थोडे मंद होतील, तेवढं चालवून घ्या.

७८०६ हा रेग्युलेटर आयसीही (आउटपुट ६ व्होल्टवर स्थिर ठेवणारा) चालतो, पण १२ मधले ६ व्होल्ट तोही उष्णतेतच घालवतो, तेच ३ वॅट. हीटसिंक नसेल तर त्या पॅकेजला दर वॅटमागे सुमारे ६५ अंश चढतात, तीन वॅटला १९५. इतकं व्हायच्या आधीच तो स्वतःला बंद करून घेतो. म्हणून हीटसिंक हवाच. इनपुटला ०.३३ मायक्रोफॅरड, आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरड, दोन्ही कपॅसिटर आयसीच्या पायांजवळ.

आणि नीटनेटकं हवं तर बक कन्व्हर्टर मॉड्यूल, म्हणजे फारशी ऊर्जा वाया न घालवता व्होल्टेज उतरवणारं तयार सर्किट. बल्ब जोडायच्या आधी स्क्रू फिरवून आउटपुट ६ वर आणा. ९० टक्के कार्यक्षमता धरली तर अडॅप्टरकडून ०.२८ अँपिअरच ओढले जातात. पण तुम्हाला शिकायचं आहे असं दिसतं, तेव्हा आधी १२ ओहमवाला करा.

---

फ्यूजवायर

मीटरचं मी सांगतो, कारण ही चूक सगळेच एकदा करतात.

व्होल्टमीटर आणि अँपिअरमीटर ही एकाच डब्यातली दोन अगदी उलट स्वभावाची यंत्रं आहेत. व्होल्टवर मीटरचा स्वतःचा रोध १ ते १० मेगाओहम असतो, म्हणून तो कुठेही दोन टोकांना समांतर लावता येतो. करंटवर आतमध्ये फक्त एक शंट, म्हणजे अगदी कमी रोधाचा रेझिस्टर, असतो: २०० मिलिअँपिअरच्या रेंजला साधारण १ ओहम, १० अँपिअरच्या रेंजला ०.०१ ओहमच्या घरात. तो अडॅप्टरच्या दोन टोकांना लावणं म्हणजे सरळ वायरने शॉर्ट करणं. ‘सप्लायमध्ये किती करंट येतोय’ असं मोजताच येत नाही. करंट सर्किट ठरवतं, आणि मीटरला त्या सर्किटच्या मध्ये, वायर तोडून, सिरीजमध्ये बसवावं लागतं.

तुमच्या मीटरच्या आतला फ्यूज गेला आहे. तो त्यासाठीच असतो.

प्रोब सर्किटमधून काढा, मग मागचे स्क्रू सोडा, काचेची नळी काढून दुसऱ्या मीटरने किंवा बॅटरी आणि लहान बल्ब लावून तपासा. व्होल्टची रेंज चालू असेल तर याच मीटरच्या ओहम रेंजवरही तपासता येईल, फ्यूज बाहेर काढून, मीटरचं झाकण परत लावून. नवा फ्यूज मीटरच्या पाठीवर किंवा आत छापलेल्या रेटिंगचाच, अँपिअर आणि व्होल्ट दोन्ही जुळणारा. तारेचा तुकडा किंवा चांदी गुंडाळायची नाही. उद्या तोच मीटर चुकून घरच्या विजेला लागला तर मधे फक्त तुमचा हात असेल.

स्वस्त मीटरच्या १० अँपिअरच्या भोकाखाली ‘अनफ्यूज्ड’ लिहिलेलं असतं. तिथे हीच चूक केली तर वितळायला फ्यूजसुद्धा नाही. करंट मोजून झाला की लाल प्रोब लगेच व्होल्टच्या भोकात परत. अर्ध्याहून अधिक मीटर मरतात ते प्रोब तिथेच विसरल्यामुळे, असं माझं मत.

फ्यूज मिळेपर्यंत करंट मोजायची बिनधोक युक्ती: सिरीजमध्ये ०.१ ओहमचा रेझिस्टर ठेवा आणि त्याच्यावरचे मिलिव्होल्ट वाचा. ५० मिलिव्होल्ट म्हणजे ०.५ अँपिअर. तो १२ ओहमचा लावलात तर वेगळा रेझिस्टरही नको, त्याच्यावरचं व्होल्टेज भागिले १२.

जाता जाता: व्होल्टवर लावलेला मीटरसुद्धा लोडच असतो. किलोओहमच्या ऐवजी १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर घेऊन बघा. १० मेगाओहमच्या मीटरला मध्ये ६ नाही, ५.७ दिसतील. १ मेगाओहमच्या स्वस्त मीटरला चक्क ४. बल्बने केलं तेच, फक्त हळू आवाजात.

---

अर्धा_व्होल्ट

फ्यूजच निघाला, काच काळी झाली होती. बदलला. धन्यवाद.

डिव्हायडरचं कळलं. पण मग एलईडी का पेटतो? त्यालाही तेच १२ मिलिअँपिअर. आणि बल्ब ओहमचा नियम मोडतो का, थंडीत १ आणि पेटल्यावर १२?

---

तांब्याची_तार

एलईडीला तेवढेच पुरतात, हे अर्धं उत्तर. लाल एलईडी सुमारे २ व्होल्टवर येऊन थांबतो, त्याच्या खाली जवळजवळ काहीच वाहू देत नाही. तेव्हा वरच्या किलोओहमवर १० व्होल्ट, म्हणजे १० मिलिअँपिअर. त्यातले २ खालच्या किलोओहममधून (२ व्होल्ट ÷ १०००), उरलेले ८ एलईडीतून. आठ मिलिअँपिअरला आजचा कुठलाही लाल एलईडी चांगला पेटतो. खरं तर तुम्ही नकळत त्याला योग्य सिरीज रेझिस्टर दिला होता. खालचा काढून टाकला तरी १० मिलिअँपिअरने पेटेल, उलट थोडा जास्तच. एलईडीला व्होल्टेज द्यायचं नसतं, करंट आवरून द्यायचा असतो. थेट १२ वर लावू नका.

बल्ब नियम मोडत नाही. ओहमने १८२७ मध्ये जो नियम छापला तो तापमान स्थिर असताना लागू होतो. टंगस्टनचा रोध दर अंशाला अर्ध्या टक्क्याच्या जरा खाली वाढतो आणि फिलामेंट दोन हजार अंशांच्या वर जातं, म्हणून दहा-बारापट. मीटर ओहम मोजताना इतका कमी करंट सोडतो की फिलामेंट थंडच राहतं. बल्ब बहुतेक वेळा बटण दाबताक्षणी उडतात तेही यामुळेच: थेट ६ व्होल्टवर पहिल्या क्षणी ६ अँपिअर. १२ ओहम सिरीजमध्ये असेल तर ०.९२ वरच अडतात, बल्ब सावकाश उजळताना दिसेल.

आता ‘करंट खाल्ला’वाली गोष्ट. फ्यूज बदलला आहे तर करूनच बघा: आधीच्या किलोओहमच्या सर्किटमध्ये मीटर २०० मिलिअँपिअरवर, सिरीजमध्ये, आधी वरच्या रेझिस्टरच्या वर, मग रेझिस्टर आणि बल्बच्या मध्ये, मग बल्बच्या खाली मायनसकडे. (मधे लावताना खालचा किलोओहम काढून ठेवा, नाहीतर फाटा फुटतो.) तिन्ही जागी १२ च्या आसपास एकच आकडा. जितके इलेक्ट्रॉन एका टोकाने शिरतात तितकेच दुसऱ्याने निघतात. खर्च होते ती ऊर्जा, आणि ती किती, हे त्या भागाच्या दोन टोकांतलं व्होल्टेज सांगतं. म्हणून व्होल्टेज नेहमी ‘इथून तिथपर्यंत’ मोजतात, ‘इथे इतके व्होल्ट’ हे बोलण्यातलं सोपं रूप.

पाण्याच्या नळाची उपमा सगळीकडे देतात, मला ती फारशी आवडत नाही. नळ कापला तर पाणी सांडतं. तार कापली तर सगळ्या सर्किटमधला करंट थांबतो. शिवाय १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेत ०.५ अँपिअर असताना इलेक्ट्रॉन सेकंदाला फक्त ०.०४ मिलिमीटरच्या आसपास सरकतात, एक मीटर जायला सात-साडेसात तास. बल्ब लगेच पेटतो कारण तार आधीच त्यांनी भरलेली असते आणि ढकल सगळीकडे एकदमच लागते.

---

अर्धा_व्होल्ट

१२ ओहम १० वॅटचा लावला. बल्ब मस्त पेटला, सावकाश उजळला तेही दिसलं. आकडे, सगळे बल्ब पेटलेला असताना:

अडॅप्टरच्या टोकांवर १२.०५
रेझिस्टरवर ६.०८
बल्बवर ५.९३

बेरीज १२.०१. चार सेंटीव्होल्ट कुठे गेले?

---

शंट

कुठे गेले नाहीत, तुम्ही जिथे मोजलं नाही तिथे आहेत. एक फेरी पूर्ण केली की सगळ्या भागांवरच्या व्होल्टेजची बेरीज सप्लायएवढी येते, आणि वायर, क्लिपा हेसुद्धा भागच. करंट ६.०८ ÷ १२ = ०.५१ अँपिअर, तर ०.०४ ÷ ०.५१ म्हणजे सुमारे ०.०८ ओहम कुठेतरी आहे. मीटर २०० मिलिव्होल्टवर घ्या, बल्ब पेटलेलाच ठेवा. एक प्रोब अडॅप्टरच्या प्लसवर, दुसरा रेझिस्टरच्या पायावर, क्लिपवर नाही. मग बल्बच्या खालच्या टोकापासून अडॅप्टरच्या मायनसपर्यंत तसंच.

---

अर्धा_व्होल्ट

प्लसच्या बाजूला ३१, मायनसच्या बाजूला ८ मिलिव्होल्ट. प्लसच्या मगरक्लिपची वायर नुसती दाबून बसवलेली होती, सोल्डर नव्हतं. सोल्डर केल्यावर तीच बाजू ९ वर आली.